हात उचलला की थरथरतो: कारण शोधायला सुरुवात कुठून करावी

मांडीवर ठेवलेला हात अगदी स्वस्थ असतो. तीर्थ घ्यायला तोच हात पुढे केला की थरथरू लागतो आणि निम्मे तीर्थ बोटांच्या फटीतून खाली जाते. चहाचा कप बशीवर वाजतो, बँकेत सही जुळत नाही, सुईत दोरा जात नाही, चतुर्थीला आरतीचे ताट हातात यायची वेळ आली की माणूस गर्दीत मागे सरकतो. हालचाल केली की येणारी ही थरथर ज्यांना नव्याने सुरू झाली आहे, त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हे लिहितो आहे.

गोव्यात डिचोलीला माझे औषधांचे दुकान आहे. "भाऊ, बाबांचा हात थरथरतो, पार्किन्सनची एखादी चांगली गोळी द्या," असे म्हणत येणारी मुले-सुना मला नवीन नाहीत. हातात चिठ्ठी नसते, मनात मात्र निदान पक्के झालेले असते. गोळी मी देत नाही, पण त्यांना बाकावर बसवून एक प्रश्न जरूर विचारतो: हात नेमका कधी थरथरतो? बसल्या जागी, की काही उचलायला गेल्यावर? बहुतेकांनी हे नीट पाहिलेलेच नसते. आणि या आजारात तेच सगळ्यात मोलाचे असते, कारण डॉक्टरही निदानाची सुरुवात तिथूनच करतात. कोणताही फोटो किंवा रक्ततपासणी त्याची जागा घेऊ शकत नाही.

आधी हे पाहा: थांबायला वेळ आहे ना?

थरथर बहुधा महिनोन्‌महिने हळूहळू वाढत आलेली असते आणि तिच्या तपासाला चार दिवस इकडेतिकडे झाले तरी बिघडत नाही. पण काही वेळा थांबणे धोक्याचे असते.

थरथर अचानक सुरू झाली, सोबत बोलणे अडखळते आहे, तोंड वाकडे झाले आहे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडतो आहे किंवा चालताना तोल जातो आहे, तर तो पक्षाघात असू शकतो. रक्ताची गाठ विरघळवणारे इंजेक्शन साधारण पहिल्या साडेचार तासांतच देता येते. १०८ ला फोन करा. सकाळपर्यंत वाट पाहू नका.

मधुमेहाच्या माणसाला घाम फुटून, छाती धडधडून हात कापू लागले, तर आधी साखर तपासा. ती ७० च्या खाली असेल किंवा ग्लुकोमीटर जवळ नसेल, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काहीही घालू नका, सरळ रुग्णालय गाठा. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असताना एकादशीचा उपास धरला की हे सहज घडू शकते. उपास धरण्यापूर्वी डॉक्टरांना विचारायला हवे.

रोज पिणाऱ्या माणसाने दारू एकदम थांबवली, तर शेवटच्या पेल्यानंतर साधारण सहा ते चोवीस तासांत हात कापू लागतात. पुढच्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दोन ते चार दिवसांत भ्रम, नसलेल्या गोष्टी दिसणे, ताप, प्रचंड घाबरेपणा इथवर मजल जाऊ शकते. यात माणूस दगावू शकतो. संकल्प करून किंवा घरच्यांच्या धाकाने एका दिवसात दारू बंद करणाऱ्या माणसाला मनातून शाबासकी द्यावीशी वाटते, पण बरीच वर्षे रोज पिणाऱ्याने ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावी. बांबोळीच्या मनोविकार संस्थेत त्यासाठी उपचार मिळतात.

आता सत्तरी तालुक्यातल्या लोकांनी विशेष लक्ष द्यावे असे एक. माकडताप, म्हणजे क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, २०१५ पासून सत्तरीत दिसतो आहे. काजूच्या हंगामात रानात पालापाचोळ्यात वावरताना गोचीड चावून तो होतो. काही रुग्णांना पहिला ताप उतरल्यावर आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा ताप येतो, आणि त्या वेळी डोकेदुखी, मान ताठणे, भ्रम यांच्याबरोबर थरथरही येते. ताप आणि थरथर एकत्र आली, तर काजूच्या बागायतीत कधी गेला होता ते डॉक्टरांनी विचारायची वाट न पाहता त्यांना सांगा.

पायरी पहिली: थरथर कोणत्या क्षणी येते ते ओळखा

घरातल्या घरात, पाच-दहा मिनिटांत हे करता येते. उपाशीपोटी, चिडलेले असताना किंवा नुकताच कडक चहा घेतलेला असताना करू नका.

माणसाला खुर्चीत बसवा, दोन्ही हात सैल सोडून मांडीवर ठेवायला सांगा आणि शंभरापासून उलटे आकडे मोजायला सांगा. मन दुसरीकडे गुंतले की विसावलेल्या हाताची थरथर उघडी पडते. ती इथे दिसली, विशेषतः एकाच हातात, अंगठा आणि तर्जनी यांत गोळी वळावी तशी, तर विचार पार्किन्सनच्या बाजूने जातो.

मग दोन्ही हात खांद्याच्या उंचीवर समोर ताठ धरायला सांगा, बोटे जराशी फाकलेली. निदान अर्धा मिनिट धरू द्या. थरथर लगेच येते की दहा-बारा सेकंदांनी, हे घड्याळात पाहा. पार्किन्सनमध्येही हात पुढे धरल्यावर थरथर दिसते, पण बहुधा थोडी थांबून येते. हालचालीतल्या थरथरीचे सगळ्यात मोठे कारण असलेल्या, ज्याला इसेन्शियल ट्रेमर म्हणतात त्या आजारात ती हात धरताक्षणी सुरू होते. या एका बारकाव्यावरून अनेकदा दोन्ही आजार वेगळे ओळखता येतात.

त्यानंतर बोटाने स्वतःच्या नाकाला आणि मग तुमच्या बोटाला आळीपाळीने स्पर्श करायला सांगा. तुमचे बोट इतके दूर धरा की त्याचा हात जवळजवळ पूर्ण लांबला पाहिजे. थरथर सगळ्या वाटेवर सारखी आहे, की नेम साधायच्या जागेजवळ पोचता पोचता वाढते आणि बोट चुकते? शेवटच्या टप्प्यावर वाढणारी थरथर लहान मेंदूकडे बोट दाखवते.

शेवटी एका पेल्यातून दुसऱ्या पेल्यात पाणी ओतायला सांगा, कोऱ्या कागदावर मधून बाहेर जाणारे वेटोळे काढायला सांगा आणि दोन ओळी लिहून घ्या. वेटोळे काढताना हात टेबलावर टेकवायचा नाही. अक्षर मोठे आणि नागमोडी आले, तर हालचालीतली थरथर. अक्षर ओळीच्या शेवटाकडे बारीक बारीक होत गेले, तर पुन्हा पार्किन्सनचा संशय. कागदावर तारीख घाला आणि जपून ठेवा. सहा महिन्यांनी काढलेल्या वेटोळ्याशी तो ताडून पाहता येईल.

या सगळ्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढा. हे मी फार आग्रहाने सांगतो. डॉक्टरांच्या खोलीत थरथर कधी दडून बसते, कधी घाबरल्यामुळे दुप्पट होते. घरी शांतपणे काढलेला दोन मिनिटांचा व्हिडिओ त्यांना जास्त खरा वाटतो.

पायरी दुसरी: औषधांची पिशवी टेबलावर ओता

माझ्या धंद्यामुळे असेल, पण मला वाटते की निम्मे घरवाले ही पायरी गाळतात आणि तिथेच चुकतात. घरात असलेली प्रत्येक गोळी, पंप, सिरप, काढा, चूर्ण एकत्र काढा. "ती तर फक्त गॅसची गोळी आहे" म्हणून बाजूला ठेवू नका. तीच आधी उचला.

ॲसिडिटीच्या कित्येक कॅप्सूलमध्ये ॲसिड कमी करणाऱ्या औषधाबरोबर लेव्होसल्पिराइड किंवा डॉम्पेरिडोन असते. पाकिटावरचे नाव वाचून ते कळत नाही, मागची बारीक अक्षरे वाचावी लागतात. यातले लेव्होसल्पिराइड मेंदूत डोपामिनचे काम अडवते आणि महिनोन्‌महिने घेतल्यास, विशेषतः साठीपुढच्या माणसाला, पार्किन्सनसारखी थरथर, ताठरपणा आणि मंदपणा आणू शकते. उलटीवरचे मेटोक्लोप्रामाइड, चक्करेवरचे सिनारिझिन आणि प्रोक्लोरपेराझिन, अर्धशिशीवरचे फ्लुनारिझिन हीही याच पंगतीतली. डॉक्टरांनी पंधरा दिवसांसाठी लिहून दिलेली गोळी वर्षभर त्याच जुन्या चिठ्ठीवर चालू राहते, आणि मग थरथरीवर आणखी एक गोळी सुरू होते. मूळ गोळी वेळेत बंद केली, तर बहुतेकांची थरथर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ओसरते.

निव्वळ हालचालीत दिसणारी, बारीक आणि वेगवान थरथर आणणारी औषधे वेगळी. दम्याचा सालब्युटामॉल पंप आणि थिओफिलिनच्या गोळ्या, फिटवरचे व्हॅलप्रोएट, मनाच्या आजारावरचे लिथियम, नैराश्यावरची बरीच औषधे, थायरॉक्सिनचा डोस जास्त झाला असेल तर तो, हृदयाच्या ठोक्यांसाठीचे अमिओडेरोन, स्टिरॉइड, मूत्रपिंड बदलल्यावर दिली जाणारी टॅक्रोलिमस आणि सायक्लोस्पोरिन. फेनिटॉइनचे प्रमाण रक्तात वाढले तर थरथरीबरोबर तोल जातो, डोळे उडतात.

लिथियमबद्दल दोन शब्द जादा. बारीक थरथर त्या औषधावर अनेकांना असतेच. पण जुलाब-उलट्या झाल्या, पाणी कमी पडले किंवा दुखण्यावरची आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक अशी गोळी सोबत घेतली, की रक्तात लिथियम साठते. थरथर मोठी, झटकेदार होते, माणूस गुंगतो. त्याच दिवशी रुग्णालयात न्यायला हवे.

संशय आला म्हणून कोणतीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. फिटची गोळी एकदम सोडली तर फिटच येते. नावांची यादी करा, प्रत्येक गोळी कधीपासून चालू आहे ते समोर लिहा आणि थरथर कधी सुरू झाली ती तारीख खाली घाला. दोन तारखा शेजारी आल्या की डॉक्टरांना उत्तर तिथेच दिसते.

पायरी तिसरी: खाणे, पिणे, झोप आणि काम

कोणाचाही हात पुढे धरल्यावर बारीक कापतोच, डोळ्यांना दिसत नाही इतकेच. भूक, जागरण, भीती, थकवा, कडक चहा-कॉफी यांनी तीच थरथर दिसण्याइतकी वाढते. दोन आठवडे चहा कमी करून, झोप पुरी घेऊन पाहा. फरक पडला तर अर्धी चिंता मिटली.

दारूचा प्रश्न गोव्यात जरा सविस्तर बोलायला हवा. इसेन्शियल ट्रेमर असलेल्या बऱ्याच जणांची थरथर थोडी दारू घेतल्यावर तासा-दोन तासांसाठी कमी होते. हे खरे आहे आणि डॉक्टरही निदान करताना विचारतात. पण रोज पिणाऱ्या माणसाचे सकाळी कापणारे हातही पहिल्या पेल्याने शांत होतात, कारण ती दारू उतरल्याची थरथर असते. बाहेरून दोन्ही सारखेच दिसते. म्हणून लाज बाजूला ठेवून खरे प्रमाण सांगा: फेणी किती, बिअर किती, सकाळी लागते का. हुर्राकच्या, म्हणजे काजूच्या पहिल्या धारेच्या दारूच्या, दिवसांत वाढते का, तेही. थोड्या फेणीने हात थांबतो म्हणून तिलाच औषध करणे हा सरळ तोट्याचा व्यवहार आहे. असर उतरला की थरथर आधीपेक्षा जोरात परतते, आणि वर्षानुवर्षांची दारू लहान मेंदूच झिजवते, मग थरथरीत तोल जाण्याची भर पडते. यकृत बिघडले तर हात पुढे धरल्यावर मनगटातून पंजा फडफडल्यासारखा खाली पडतो. ती थरथर नसते, ते यकृताचे दुखणे मेंदूपर्यंत पोचल्याचे चिन्ह असते. मूत्रपिंड निकामी होतानाही तसेच दिसते.

कामाचाही इतिहास सांगा. मँगनीजची धूळ आणि धूर वर्षानुवर्षे छातीत गेला तर मेंदूवर परिणाम होतो. १८३७ साली स्कॉटलंडमध्ये मँगनीज दळणाऱ्या कामगारांत तो पहिल्यांदा नोंदला गेला. चाल बदलते, माणूस चवड्यांवर चालतो, मागे पडतो, चेहरा निर्विकार होतो, आणि थरथर असलीच तर बहुधा हालचालीतली असते. गोव्यात लोहखनिजाबरोबर मँगनीजही निघत आले आहे, आणि वेल्डिंगच्या धुरातही ते असते. हा आजार क्वचितच होतो. तरी कोणी खनिज दळण्याच्या जागी किंवा बंद जागेतल्या वेल्डिंगवर आयुष्य काढले असेल, तर डॉक्टरांना ते माहीत असायला हवे.

पायरी चौथी: कोणते कारण कसे दिसते

हालचालीतल्या थरथरीचे सगळ्यात मोठे कारण इसेन्शियल ट्रेमर. दोन्ही हातांत, हात धरला किंवा वापरला की येणारी, वर्षानुवर्षे हळूहळू वाढणारी. काहींची मानही "नाही नाही" म्हणावी तशी हलते, आवाज कापतो. बऱ्याच घरांत आजोबांना, आत्याला, मोठ्या भावाला तीच सवय असते आणि सगळे म्हणतात, "आमच्या घराण्यातच आहे." डॉक्टरांना हे वाक्य जरूर ऐकवा. २०१८ साली जगभरच्या तज्ज्ञांनी ठरवलेल्या व्याख्येनुसार थरथर निदान तीन वर्षे टिकलेली असावी आणि पार्किन्सन, लहान मेंदूचा आजार वगैरेंची इतर चिन्हे नसावीत, तेव्हाच हे नाव पक्के करतात. इसेन्शियल ट्रेमरने जीव जात नाही. पण माणूस जेवणावळीला जाणे सोडतो, तियात्राला किंवा नाटकाला गेल्यावर मध्यंतरात चहा घेत नाही, लग्नात अक्षता टाकताना हात खिशात ठेवतो, हे नुकसान कमी नाही. "वयोमानाने होणारच" म्हणून ते झटकून टाकू नये.

थायरॉईड जास्त चालत असेल तर थरथर बारीक असते. पुढे धरलेल्या बोटांवर कागद ठेवला की कागदाची कड फडफडताना दिसते. सोबत भूक असून वजन उतरते, उकडते, छाती धडधडते, झोप लागत नाही. टीएसएच ही रक्ताची एक तपासणी बहुतेक उत्तर देते, आणि उपचाराने थरथर पूर्ण जाऊ शकते. म्हणून ती पहिल्याच दिवशी करून घ्यावी.

लहान मेंदूचे आजार म्हणजे नेम साधताना वाढणारी थरथर, तोल जाणे, पाय फाकवून चालणे, बोलण्यात ओढाताण. पक्षाघात, गाठ, मल्टिपल स्क्लेरोसिस, दारू, काही औषधे आणि घराण्यातून येणारे काही आजार अशी त्याची कारणे आहेत. घराण्यातल्या आजारांत एससीए-१२ नावाचा एक प्रकार बहुतेक भारतातच, उत्तर भारतातल्या अगरवाल समाजात, जास्त आढळला आहे आणि तो पुष्कळदा हातांच्या हालचालीतल्या थरथरीनेच सुरू होतो. पन्नाशीनंतर एखाद्या आजोबांना थरथर आणि तोल जाणे सुरू झाले, आणि नातवाला फ्रॅजाइल एक्स या जन्मजात आजारामुळे शिकण्यात अडचण असेल, तर दोन्ही गोष्टी एकाच जनुकाशी जोडलेल्या असू शकतात. घरच्यांनी एकत्र सांगितले नाही तर कोणाच्याच लक्षात येत नाही.

आता सगळ्यात काळजीने लिहितो ते विल्सनच्या आजाराबद्दल. मूल किंवा चाळिशीच्या आतला तरुण, थरथर, बोलणे जड, लाळ गळणे, शाळेत अचानक घसरण, चिडचिड, किंवा कधी काळी होऊन गेलेली कावीळ. शरीरातून तांबे बाहेर पडत नाही, ते यकृतात आणि मेंदूत साठते. हात कोपरात वाकवून छातीसमोर धरले तर पंख फडफडावेत तशी थरथर येते. डोळ्यांचे डॉक्टर विशिष्ट दिव्याखाली बुबुळाभोवती तपकिरी कडे पाहू शकतात. रक्तातले सेरुलोप्लाझ्मिन आणि चोवीस तासांच्या लघवीतले तांबे तपासतात. वेळेत सापडला तर पेनिसिलामिन, जस्त अशा औषधांनी तो आटोक्यात राहतो, मात्र औषध जन्मभर घ्यावे लागते. न सापडला तर जीव घेतो. सख्ख्या भावंडांतही तो असण्याची शक्यता चारात एक असते, म्हणून त्यांना काहीच त्रास नसला तरी तपासणी करायचीच. चाळिशीच्या आतल्या माणसाची थरथर "टेन्शनने आहे" म्हणून सोडून देताना विल्सन नाकारला आहे का, एवढे विचारायचा हक्क प्रत्येक आईबापाला आहे.

काही जणांचा हात फक्त लिहितानाच कापतो, जेवताना नाही. काहींचा पेटीवर बोटे ठेवल्यावर किंवा दागिन्याचे बारीक काम करतानाच. याला त्या-त्या कामापुरती थरथर म्हणतात आणि ती बहुधा डिस्टोनियाशी, म्हणजे स्नायू नको तसे आवळण्याशी, संबंधित असते. मान एका बाजूला ओढली जाऊन हलत असेल आणि हनुवटीला बोट लावले की थांबत असेल, तर तीही त्याच जातीची. या लोकांना गोळ्यांपेक्षा बोटुलिनम टॉक्सिनच्या इंजेक्शनचा जास्त उपयोग होतो.

उभे राहिल्यावर पाय डगमगल्यासारखे वाटतात, चालू लागले किंवा बसले की बरे वाटते, अशी तक्रार असेल तर उभे राहताना येणारी थरथर पाहा. ती इतकी वेगवान असते की डोळ्यांना नीट दिसत नाही. पायाला हात लावला तर गुणगुण जाणवते. पाय बधिर असतील तर मज्जातंतूंचा आजार किंवा बी-१२ ची कमतरता. आणि कधी थरथर मेंदूच्या रचनेत बिघाड नसतानाही येते, लक्ष दुसरीकडे गेले की थांबते किंवा दुसऱ्या हाताने धरलेल्या ठेक्याशी जुळते. ते ढोंग नव्हे. त्यालाही उपचार आहेत, आणि "मुद्दाम करतोस" असे म्हणणारे घर तो आजार वाढवते.

पायरी पाचवी: गोव्यात कुठे आणि कसे जायचे

पहिली भेट घरच्या डॉक्टरांकडे किंवा जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात. साखर, टीएसएच, मूत्रपिंड आणि यकृत यांच्या तपासण्या, क्षार, बी-१२ एवढे तिथूनच सुरू होऊ शकते. उत्तरेकडच्यांना म्हापशाचे, दक्षिणेकडच्यांना मडगावचे जिल्हा रुग्णालय जवळ. न्यूरॉलॉजिस्टला दाखवायचे तर बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय आहेच. १८४२ साली पोर्तुगीज राजवटीत सुरू झालेली ही संस्था आज साऱ्या गोव्याचाच नव्हे, तर सावंतवाडी, बांदा, दोडामार्गच्या रुग्णांचाही आधार आहे. बाह्यरुग्ण विभागात सकाळी गर्दी असते, म्हणून लवकर निघा, चिठ्ठी आणि जुने कागद एका फाइलमध्ये लावून न्या. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे कार्ड असेल तर सोबत ठेवा. यादीतल्या उपचारांसाठी दाखल व्हावे लागले तर ते लागते.

डॉक्टरांसमोर पाच-सात मिनिटेच मिळतील असे धरून चाला. एका कागदावर लिहून न्या: कधी सुरू झाली, कोणत्या हातात, कोणत्या क्षणी येते, दारूने किंवा चहाने काय होते, घराण्यात कोणाला, चालू औषधे तारखांसह. वेटोळ्याचा कागद आणि व्हिडिओ. हे सगळे कोकणीत सांगा, मराठीत सांगा, पण खाणाखुणा करून, प्रत्यक्ष हात धरून दाखवा.

एमआरआयचा आग्रह धरू नका. वर्षानुवर्षांची, दोन्ही हातांतली, घराण्यात असलेली थरथर असेल आणि बाकी तपासणी ठीक असेल, तर त्याची बहुधा गरज नसते. थरथर एकाच बाजूला असेल, अचानक आली असेल, तोल जात असेल किंवा वय कमी असेल, तर मात्र तो हवा. सीटी स्कॅनमध्ये लहान मेंदू तितका स्पष्ट दिसत नाही, म्हणून सीटी चांगला आला एवढ्यावर समाधान मानू नका.

पायरी सहावी: उपचार आणि रोजचे जगणे

कारण थायरॉईड, औषध किंवा साखर असेल तर त्यावरचा इलाज हाच थरथरीचा इलाज. इसेन्शियल ट्रेमरमध्ये प्रोप्रॅनोलॉल आणि प्रिमिडोन ही दोन औषधे अनेक दशके वापरात आहेत. ती थरथर कमी करतात, मुळातून काढत नाहीत, आणि सगळ्यांना सारखा गुण येत नाही. शेजाऱ्याला प्रोप्रॅनोलॉल लागू पडले म्हणून मागायला येणाऱ्यांना मी हात जोडून सांगतो: दमा असेल तर या गोळीने श्वास कोंडू शकतो, मधुमेहात साखर उतरल्याची धडधड आणि थरथर ही लपवते, आणि बरेच दिवस घेऊन एकदम सोडली तर हृदयावर ताण येतो. ज्याचा हात दम्याच्या पंपामुळे कापतो आहे, त्यालाच कोणी ही गोळी दिली तर काय होईल याचा विचार करा.

रानातल्या खाजकुयलीच्या बियांचे, म्हणजे कवचबीजाचे, चूर्ण कंपवातावर म्हणून घेतले जाते. त्या बीत लेव्होडोपा खरोखरच असते, तेच द्रव्य पार्किन्सनच्या गोळीत असते. म्हणूनच ते इसेन्शियल ट्रेमरवर चालत नाही, आणि पार्किन्सनची गोळी चालू असलेल्याने ते वर घेतले तर डोस नकळत वाढतो. घेत असाल तर वैद्यांना आणि डॉक्टरांना दोघांनाही सांगा.

औषधांनी भागत नसेल आणि हात पार निकामी झाला असेल, तर मेंदूच्या थॅलॅमस भागात तार बसवून सूक्ष्म विद्युत प्रवाह देण्याची शस्त्रक्रिया आहे. कवटी न उघडता ध्वनिलहरींनी तोच बिंदू निकामी करण्याच्या पद्धतीला अमेरिकेत २०१६ साली मान्यता मिळाली. हे उपचार मोठ्या शहरांतल्या निवडक केंद्रांत होतात आणि खर्चिक आहेत. घाईने निर्णय घेऊ नये, पण असा मार्ग आहे हे माहीत असावे.

रोजच्या जगण्यासाठी साध्या गोष्टी: कप अर्धाच भरा आणि झाकणाचा, दोन कानांचा घ्या. कोपर टेबलावर टेकवून खा. जड चमचा आणि जाड पेन काहींना बरे पडते, करून पाहा. पेज खोल वाटीत घ्या, ताटलीत नको. घरच्यांनी घास भरवायची घाई करू नये, वेळ द्यावा.

सही जुळत नाही म्हणून पेन्शन अडली असेल, तर बँकेत वाद घालू नका. आजारामुळे सही करता येत नसलेल्या खातेदाराचा अंगठा दोन साक्षीदारांसमक्ष घेऊन पैसे देण्याची तरतूद रिझर्व्ह बँकेच्या मार्गदर्शक सूचनांत आहे, त्यातला एक साक्षीदार बँकेचा कर्मचारी असावा लागतो. व्यवस्थापकांना भेटून तेवढेच नेमके मागा. निवृत्तिवेतनाचा हयातीचा दाखला आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही देता येतो. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर "हातांच्या थरथरीमुळे सही बदलते" असे एक वाक्य मागून घ्या आणि त्याची प्रत पासबुकात ठेवा.